मिरवेलीचा उन्हाळा

परक्याची ठेव म्हणजे देवघरातला नंदादीप, अशी मुलींच्या वसतिगृहाशेजारच्या सिंधूताईंची श्रद्धा. वसतिगृह उन्हाळ्यापुरते रिते झाले, की परप्रांतीय मुलींच्या ट्रंका आणि गाद्या त्यांच्या खोलीत विसावत. यंदा गावी निघालेल्या केरळच्या मालविकेने दिवंगत आजोबांच्या हातची मिरवेल, म्हणजे काळ्या मिऱ्यांची वेलही कुंडीसकट सोपवली.

वैशाखवणव्यात वेलीने मान टाकली. सिंधूताईंनी घरातला एकुलता कूलर तिच्यापुढे नेऊन ठेवला.

“काहून वं सिंधू, वेलीले कूलर अन् तू घामाघूम?” शेजारीण हसली.

“मी भिवापूरची. आमची मिरची ऊन सोसते, हे मिरं नाही सोसत. पोरीले काय तोंड दाखवू?”

आषाढात मालविका परतली, तेव्हा वेल खिडकीच्या गजांना वेढून फुलोऱ्याचे तुरे मिरवीत होती. मुलीने वेलीआधी सिंधूताईंनाच मिठी मारली. त्या मिठीतूनच त्यांनी शेजारणीला विजयघोषासारखी हाक दिली, “ये वं, पाह्य आता!”