शिवणबाई आणि आवाजाची तार

“हिसका देऊ नको वो, बाप्पा,” असं म्हणत आमच्या शिवणबाई समोरच्याच्या हातातली वस्तू काढून घेत. वस्तू कुठलीही चाले. सुईतला दोरा, विहिरीचा दोर, कपाटाचा अडकलेला खण. एकदा तर त्यांनी टांगेवाल्याच्या हातून लगाम काढून घेतला आणि अंबागेटपासून शाळेपर्यंत टांगा स्वतः हाकत आणला. टांगेवाला मागं माझ्याशेजारी अंग चोरून बसला होता. उतरताना त्यानं मला हळूच विचारलं, या बाई कुठं शिकवतात?

अशा व्यक्ती तुम्हीही पाहिल्या असतील. त्यांना कुठलंही काम दुसऱ्याच्या हातात बघवत नाही, आणि आपल्याला त्यांचा राग येतो तोवर त्यांनी ते करून टाकलेलं असतं.

मी अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा दुसरी जागतिक लढाई संपून फार काळ झाला नव्हता. मी चांदूर रेल्वे गावची, पण नागपुरात शिकून बोलणं बरंच घासूनपुसून आणलेलं. शिवणबाई मोर्शीकडच्या. माहेरी संत्र्याचा मळा. नवरा लवकर गेला, तशा त्या भावाकडं परत आल्या. भावानं शिवणयंत्र घेऊन दिलं. त्यावर आधी गावाच्या चोळ्या शिवल्या, मग परीक्षा दिली आणि शाळेत आल्या. आवाज खणखणीत. त्यांनी शिवणाच्या खोलीत “सुई कुठी गेली?” असं विचारलं की मैदानापलीकडच्या माझ्या वर्गातल्या मुली खाली वाकून सुई शोधत.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका पुण्याच्या. येऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण वऱ्हाडी बोलीशी त्यांची लढाई संपली नव्हती. ‘मले’, ‘तुले’ कानावर पडलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. मुलींना त्या पुनःपुन्हा सांगत, बोलणं सुधारा, नाहीतर बाहेरगावी लोक हसतील.

अशात शाळेला एक यंत्र मिळालं. संस्थेचे एक सभासद ठेकेदार होते. त्यांनी लष्करी सामानाच्या लिलावात तंबूंचा ढीग घेतला, त्यात ही जड पेटी आली. पेटीवर दोन रिळं. डाव्या रिळावरची केसाहून बारीक पोलादी तार मधल्या खाचेतून उजव्या रिळावर जायची. पुढ्यात बोललं की तारेवर आवाज भरला जायचा, आणि तार मागं गुंडाळून पुन्हा सोडली की तोच आवाज ऐकू यायचा. मोठ्या बाईंचे डोळे चमकले. मुलींना त्यांचंच बोलणं ऐकवायचं. लाज वाटेल आणि आपोआप सुधारतील. ‘शुद्ध बोलण्याचा तास’ ठरला, तो माझ्याकडं आला. यंत्र कोण चालवणार? मोठ्या बाईंनी रिळांकडं पाहिलं, तारेकडं पाहिलं, आणि म्हणाल्या की हे तर शिवणाचंच खातं.

शिवणबाईंनी पदर खोचला आणि पहिल्याच दिवशी घोटाळा केला. मुलीचं वाचन संपलं, बाईंनी खटका ओढला. उजवं रीळ थांबलं, डावं मात्र आपल्या तंद्रीत फिरतच राहिलं. बघता बघता तार सैल पडली, उसळली आणि टेबलावरून खाली बाईंच्या चपलांपर्यंत पोचली. खोलीभर चकाकत्या केसांचा गुंता झाला. पुढचे कितीतरी दिवस शिवणाच्या तासाला मुली क्रोशाच्या सुयांनी तो गुंता सोडवत होत्या. तार तुटली की बाई बारीक गाठ मारत. खोचलेल्या पदरातून तारेचे तुकडे घरीही जात. भावजयीनं विचारलं, हे काय, तर बाई म्हणाल्या, पोरींचं वाचन आहे.

पण हार मानणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. यंत्राशेजारी बसून त्या त्याच्याशी भांडायच्या. त्यातून त्यांना कळलं ते असं. देणारं रीळ थोडं अडून चालायला हवं, म्हणजे तार ताठ राहते. फार अडलं तर ती तुटते, मोकळं सुटलं तर गुंता होतो. आणि थांबताना दोन्ही रिळं एकदम थांबायला हवीत. रिळांना धरून ठेवणाऱ्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या झिजल्या होत्या. बाईंनी ठेकेदारांची जुनी फेल्ट टोपी मागून आणली आणि कापून नव्या पट्ट्या बसवल्या. तरी त्यांचा त्या पट्ट्यांवर विश्वास नव्हताच. दोन्ही रिळांच्या कडांवर दोन दोन बोटं ठेवून त्या बसत. बोलणारीचं बोलणं संपलं तरी यंत्र लगेच बंद करत नसत. थोडी तार रिकामी जाऊ देत, मग बोटांनी रिळांचा वेग उतरवत आणि शेवटी खटका ओढत. आवाज कमीजास्त करायची खुंटी तेवढी त्यांना दुरुस्त करता आली नाही. ती मुलींनी पिळून पिळून मोडली होती. आवाज एकच, तो म्हणजे मोठा.

आता लाज वाटण्याचं. मुलींनी आपापला आवाज ऐकला आणि त्या खूश झाल्या. तेल्हाऱ्याकडची एक मुलगी ‘मले भूक लागली’ हे स्वतःचं वाक्य ऐकून इतकी हरखली की तिनं तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. तासाला गर्दी होऊ लागली. सुधारणा काही दिसेना.

त्याच सुमाराला मोठ्या बाईंनी शिवणबाईंना बोलावून सांगितलं की हंगामी शिक्षिकांना कायम करायची वेळ आली आहे, आणि वर्गात असं बोलणाऱ्या शिक्षिकेची शिफारस कशी करावी हा प्रश्न आहे. रागानं नव्हे, काळजीनंच सांगितलं म्हणे. शिवणबाई नेहमीसारख्या हसत बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, चहा पाज.

एका दुपारी मधल्या सुट्टीत मी शिवणाच्या खोलीपाशी गेले तर आतून एक अनोळखी आवाज येत होता. “मला कापड कापायचे आहे. मला कात्री द्या. मी आपली आभारी आहे.” एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखा. मला वाटलं कुणी पाहुण्या आल्या. आत पाहते तर शिवणबाई एकट्याच यंत्रासमोर, बोटं रिळांवर, मान वाकडी करून ऐकत होत्या. मला पाहून त्यांनी तार थांबवली.

“ताई, ही बाई कोन हाय वो?” त्या म्हणाल्या. “माह्या घरी आली तं मी इले बसा बी म्हननार नाही.”

मी हसले. त्याही हसल्या, पण डोळे पुसले. म्हणाल्या, दहा वेळा भरून पाहिलं, प्रत्येक वेळी हीच येते.

मग नागपूरहून तपासनीस बाई येणार असल्याचं कळलं. मोठ्या बाईंनी ठरवलं की आदर्श वाचन म्हणून आपण स्वतः एक उतारा यंत्रात भरायचा, तो सभागृहात लावायचा आणि तो संपल्यावर मुलींनी म्हणायचा. नेमकी त्या दिवसांत इतकी धावपळ की उतारा भरायला तपासणीच्या सकाळीच वेळ मिळाला. मी शेजारीच उभी होते. मोठ्या बाईंनी फार सुरेख वाचलं. वाचन संपलं, शिवणबाईंनी रिवाजाप्रमाणे तार थोडी चालू ठेवली, मोठ्या बाईंनी काहीतरी विचारलं आणि त्या घाईनं निघून गेल्या. फाटकाशी टांगा आला होता. पुन्हा ऐकून बघायला कुणाला सवडच नव्हती.

सभागृह भरलं. तपासनीस बाई मधल्या खुर्चीवर, शेजारी मोठ्या बाई, मागं संस्थेची मंडळी. शिवणबाई यंत्रापाशी, त्यांच्या बाजूला मी. वाचन सुरू झालं. तपासनीस बाई मान डोलवू लागल्या. उतारा शेवटाकडं आला आणि शिवणबाईंनी एकदम माझ्याकडं पाहिलं. त्याच क्षणी मलाही आठवलं, सकाळी वाचन संपल्यावर मोठ्या बाईंनी काय विचारलं होतं ते.

खरं सांगते, माझ्या मनात आलं, ऐकू दे सगळ्यांना. एकदाच ऐकू दे. शिवणबाईंची नोकरी ज्या बोलण्यावर अडली होती ते बोलणं तारेवर येऊन बसलं होतं, आणि त्यांना फक्त हात बाजूला घ्यायचा होता.

शेवटचं वाक्य संपलं. शिवणबाईंनी दोन्ही तळवे रिळांवर दाबले. खटक्याची वाट पाहिली नाही. तार कचकन थांबली, मध्ये एक लांब वेढा उभा राहिला आणि थरथरू लागला. त्यांनी उजव्या हातानं रीळ तसंच धरलं आणि डाव्या हातानं दुसरं उलटं फिरवत तो वेढा हळूहळू आत घेतला. मग खटका ओढला. सभागृहात टाळ्या वाजत होत्या. बाईंच्या तळव्यांवर रिळांच्या कडांचे लाल वळ उठले होते. ते त्यांनी पदराखाली घेतले.

तपासनीस बाई गेल्यावर शिवणबाईंनी पेटी शिवणाच्या खोलीत नेली आणि मोठ्या बाईंना तिथं बोलावलं. मी निघू लागले तर मला हातानं थांबवलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि राहिलेली तार सोडली. पेटीतून मोठ्या बाईंचा स्वच्छ, दमदार आवाज आला, “काहून वो बाई, झालं का? मले तं घामच फुटला.”

मोठ्या बाई पेटीजवळ आल्या. मग म्हणाल्या, “परत लावा.”

परत लावलं.

“मी असं बोलते?” त्यांनी विचारलं. “कधीपासून?”

“आमी तं केव्हाचं ऐकून राह्यलो,” शिवणबाई म्हणाल्या. “तुमालेच मालूम नव्हतं.”

मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता चष्मा काढून पुसला. पुण्याला गेलं की बहिणी आपल्याकडं का बघतात ते आज कळलं, म्हणाल्या. जाताना त्यांनी शिवणबाईंचे दोन्ही हात उलटे करून पाहिले. थोड्या वेळानं शिपायाच्या हाती खोबरेल तेलाची वाटी आली.

त्या वर्षी शिवणबाई कायम झाल्या. शुद्ध बोलण्याचा तास नुसता वाचनाचा तास झाला, आणि मोठ्या बाईंची आठी एकदम गेली असं नाही, पण ती पडता पडता थांबायची. यंत्र आणखी काही दिवस चाललं. मग एक दिवस त्याच्या पोटातून धूर निघाला. शिवणबाईंनी बोटं लावून पाहिलं, कान लावून पाहिलं आणि वर कापड शिवून घातलं. तारेवर नव्या मुली जुन्यांवर भरल्या जायच्या, त्यामुळं कुणाचाच आवाज राहिला नाही. शिवणबाईंचाही.

पुढं माझं लग्न ठरलं, अकोल्याच्या शाळेत नोकरी मिळाली. त्यानंतर आमची भेट झाली नाही. दोन-चार वर्षांनी मोर्शीकडच्या एका पाहुण्यानं बोलता बोलता सांगितलं की बाई गेल्या, तापाचं निमित्त झालं, फार दिवस अंथरुणावर नव्हत्या. मी त्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही.

त्यांचं मला शेवटचं दर्शन झालं ते बडनेरा स्टेशनवर. मला गाडीत बसवून द्यायला त्या अमरावतीहून आल्या होत्या. बायकांच्या डब्यात गर्दी. त्यांनी आत शिरून दोघींना सरकवलं, एकीचं मूल मांडीवर घेऊन जागा केली, मला बसवलं, त्या मुलाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि खाली उतरल्या. तेवढ्यात त्यांना दिसलं की हमालानं माझी ट्रंक शेजारच्या डब्याशी उलटी ठेवली आहे. त्या तिकडं धावल्या. ट्रंक डब्यात आली, तरी त्यांचं समाधान झालं नाही. हमालाला ट्रंक धरायची पद्धत समजावू लागल्या. शिट्टी झाली. गाडी हलली. मी खिडकीतून हाका मारत होते, कुणाचं ते मूल माझ्या मांडीवर रडत होतं, आणि फलाटावर पाठमोऱ्या शिवणबाई हात वरखाली करून त्या हमालाला काहीतरी सांगत होत्या. हमाल डोक्यावरचा फडका हातात घेऊन मन लावून ऐकत होता.