धवला थांबवणारी आत्या

टेमघरची धवलारीण आत्या गाण्यापेक्षा गाणं थांबवण्यासाठी जास्त प्रसिद्ध होती. आगऱ्यांच्या लग्नात धवला, म्हणजे विधींची गाणी, म्हणणारी बाई गप्प बसली की अख्खं लग्न जागच्या जागी थांबतं. नवरदेवाची टोपी वाकडी दिसली तरी ती थांबायची. "आदी पोराला सरल करा, मंग बगू," म्हणायची, आणि मांडवभर हशा पिकायचा.

तिच्या दारात एक आंबा होता. पाड्यातल्या प्रत्येक मांडवाला डहाळी त्याचीच. शेजारी आमच्यातल्याच एका शेटनं सुताला खळ लावायचा कारखाना काढला आणि बुटक्या धुराड्याची काजळी थेट झाडावर बसू लागली. पानं काळी, मोहोर जळालेला, कैरी एक नाही. याला अपघात म्हणायचं? आम्ही पोरांनी पत्रक काढलं: 'झाडांचा श्वास कोंडणाऱ्यांचा धिक्कार असो!' आत्याला वाचून दाखवलं. "ब्येस लिवलंस. पन शेट वाचंल कवा?" शेटनं त्यात तंबाखूची पुडी बांधली.

मग शेटच्या थोरलीची हळद आली. आत्यानं आपल्याच आंब्याची डहाळी नेली. मांडवाला ती बापानंच बांधायची, असा तिचा हुकूम. शेटनं बांधली आणि हळदीच्या वाटीकडे हात नेला. धवला थांबला.

"या हातानं पोरीला हलद लावशील?"

शेटनं तळवे पाहिले. काळेकुट्ट! बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. शेट ओरडला, "पाणी आणा रे!"

"तू हात धुशील रे बाबा. माजं झाड कोन धुईल?"

आत्या ढिम्म. मुलगी पाटावर, तिची नजर बापावर. शेवटी शेटनं सगळ्यांदेखत कबूल केलं, पुढच्या मोहोराआधी धुराडं उंच करतो. मग काय धवला रंगला!

पुढच्या साली आंबा कैऱ्यांनी लगडला. पण उंच धुराड्याची काजळी आता वाऱ्यानं पलीकडच्या राहनाळ गावच्या वालावर पडू लागली. म्हणजे रोग बरा नाही झाला, नुसता गाव बदलला! मी संतापलो. आत्या कैरीला मीठ लावत म्हणाली, "चिडतस कशाला? शेटला आजून एक पोर हाय."

त्या धाकटीच्या हळदीआधीच आत्या गेली. धवला म्हणायला तिची सून बसली. शेट आता शहाणा झाला होता. डहाळी त्यानं उलटसुलट करून पाहिली. हिरवीगार! हसत हसत बांधली.

तेव्हा सुनेनं पदराआडून वालाचा एक वेल काढला.

"ह्यो राहनालचा हाय, शेट. हात पुढं कर."

आणि ती गप्प बसली.