वळणावरची शाई

वहिनीला कारखान्यात सगळे ‘पाणीवाली’ म्हणत, आणि हे नाव ठेवलं होतं तिच्या दिरानेच. ती यंत्रातल्या पाण्याची वाट आखायची, तो त्याच यंत्राचा पंप सांभाळायचा. घरी तिची थट्टा, कामावरही तिचीच थट्टा. पण तिच्या तोडीचं माणूस शोधून सापडायचं नाही, हेही तोच ठणकावून सांगे.

धातूची पाती घडवणाऱ्या त्या यंत्रात हत्यार धातूला शिवतच नाही. दोघांमध्ये केसाएवढी फट, तिच्यातून मिठाचं पाणी सुसाट धावतं. वीज लागली की धातू विरघळतो आणि पाणी तो वाहून नेतं. पाणी कुठे रेंगाळलं, की ठिणगी पडलीच म्हणून समजा. तशीच ती पडली आणि टर्बाइनचं एक पातं करपलं. पंपाचा दाब कमी पडला, असं साहेबांनी ठरवून टाकलं. आता दिराची रवानगी गोदामात होणार होती.

वहिनीने वाद घातला नाही. तिने पारदर्शक प्लास्टिकचं तसंच पातं बनवलं, यंत्रात बसवलं, वीज न लावता पाणी सोडलं आणि त्यात शाई टाकली. शाई सरसर वाहून गेली. पात्याच्या वळणाच्या आतल्या कोपऱ्यात मात्र घुटमळत राहिली. दाब वाढवला, तरी तेच. मग तिने पाणी बाहेर पडायचं तोंडच आवळलं.

“उफराटंच तुमचं, वहिनी! वाट अडवून पाणी धावतं होय?”

“तुमच्यासारखंच आहे ते, भाऊजी. मोकळं सोडलं की कोपऱ्यातलं काम टाळतं.”

कोपरा लख्ख झाला. दिराचा चेहरा मात्र उतरला. पाण्याचं ते तोंड वहिनीनेच मापून कापलेलं होतं, म्हणजे चूक तिची ठरत होती.

“गुपचूप बदलून टाकू,” तो म्हणाला. “कुणाला कळणार आहे?”

“आणि गोदामात कोण जाणार?”

तिने साहेबांना बोलावलं.

“घरच्या माणसाला वाचवताय,” साहेब म्हणाले.

“आधी बघा तर खरं.” तिने तोंड पूर्वीसारखं मोकळं केलं, शाई सोडली, दाब वाढवला तरी ती कोपऱ्यात अडकते आणि तोंड आवळलं की निघते, हे दाखवलं आणि पंप बंद करायला लावला. “पातं माझ्या मापाने जळलं. पाठवायचं तर मला पाठवा.”

साहेबांनी वाकून तो कोपरा नीट निरखला. “कुणीच कुठे जात नाही,” ते शेवटी म्हणाले. “नवं पातं लावा.”

ते गेल्यावर दिराने बाहीने डोळे पुसले.

“खारं पाणी उडालं,” तो म्हणाला.

पंप केव्हाच बंद झाला होता.