छताला टेकलेलं झाड

डोंबिवलीच्या त्या सोसायटीत कुणाच्या घरातलं झाड जरा जास्त वाढलं, की विमलाबाई कात्री घेऊन हजर. "ठेव गं चहा, तोवर ह्याची हजामत करते!" बघता बघता शेजारच्या भावनाचा ड्रेसिना अर्धा व्हायचा. भावनाचा जीव खालीवर होई, बाई मात्र कापल्या जागी हळद चोपडून म्हणत, "तोंड काय पाडतेस? दुप्पट फुटेल बघ." आणि खरंच फुटायचा.

स्वतःच्या हॉलमधल्या रबराच्या झाडाला मात्र हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. बाई त्याचं पान न् पान ओल्या फडक्याने पुसायच्या, त्याच्याशी गप्पा मारायच्या. झाड छताला टेकलं, तिथून वळलं, खिडकीच्या ग्रिलमधून बाहेर घुसलं. भरदुपारी हॉलमध्ये दिवा लागे. यजमान भगवानराव मुकाट पानं बाजूला सारून टीव्ही बघत.

मग सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. बाईंनी कल्याणला भाड्याचं घर घेतलं. सामान न्यायला टेम्पोवाला साईनाथ आला, हाताशी भावनाही आली. कपाट गेलं, पलंग गेला, झाड काही ग्रिलमधून सुटेना. साईनाथ घाम पुसत म्हणाला, "मावशी, एक तर कापा, नाहीतर सोडून द्या. पुढच्या आठवड्यात बिल्डिंग पाडणारेत."

बाई मटकन खाली बसल्या. "माझ्याने नाही व्हायचं गं," म्हणाल्या आणि चक्क रडायला लागल्या. अख्ख्या बिल्डिंगला भादरणारी बाई! भावनाला हसूही आलं आणि भरूनही आलं. तिने कात्री उचलली. "काकू, तुम्ही डोळे मिटा."

"मिटते कशाला? अगं, तिथे नको! फांदीवर कोंब फुटतो ना, त्या डोळ्याच्या वर, तिरकं काप! अगं बाई, दे इकडे!"

बाईंनी कात्री हिसकावली, झाडाला हात जोडले, "रागावू नको रे बाबा," म्हणाल्या आणि कच्च! पांढरा चीक ठिबकला. एक फांदी, दुसरी फांदी... हात सुटला तो सुटलाच. जाड फांद्यांना साईनाथची करवत लागली.

शेवटची फांदी ग्रिलमधून निघाली आणि ऊन थेट समोरच्या भिंतीवर गेलं. बाई बघतच राहिल्या.

"अहो, ही भिंत गुलाबी आहे?"

"मग! तूच तर रंग निवडलेलास," भगवानराव म्हणाले.

"इतकी वर्षं काळोखात बसलात आणि एका शब्दाने बोलला नाहीत?"

"तू खूश असायचीस त्याच्यापाशी. मग कशाला बोलायचं?"

बाईंनी डोळे पुसले, पुन्हा कात्री धरली आणि झाड आणखी हातभर उतरवलं. "अहो काकू, बास की आता!" भावना ओरडली.

"गप गं! नव्या घरात खिडकीत ह्यांची खुर्ची ठेवणार आहे मी."