तोंड उघडायची शिष्यवृत्ती

"आ करा," डॉक्टर म्हणाले. मुलीला नाही. मला.

शंकर नगरच्या हॉलमध्ये समाजाच्या संस्थेचे तीन मेंबर बसले होते, त्यांत हे डॉक्टर अन् एक वकीलसाहेब. आमच्या या हिंदी मुलखात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या जुन्या मराठी घरांतले. दातांच्या कॉलेजसाठी शिष्यवृत्तीची मुलाखत होती. मुलीची 'नीट' परीक्षा निघाली होती, सीट मिळाली होती, फी भरायला चार दिवस उरले होते. अर्ज आलेल्यांत तिचे गुण सगळ्यांत वर. गुणपत्रिका कुणी उघडलीच नाही.

मी गुढियारीच्या बाजारात जुना बारदाना, रिकामी पोती विकते. लहानपणापासून गुडाखूने दात घासते. तंबाखू-गुळाचा काळा लगदा. पहिल्यांदा आईनेच लावला, भूक मरते म्हणून. दात काळे झाले. त्याच तोंडाने व्यापाऱ्यांशी भांडून मी मुलीला शिकवलं.

"डेंटिस्टची आई अन् हे दात?" डॉक्टर शेजारच्या वकीलसाहेबांकडे बघून हसले.

मी मुलीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. "मम्मी, खोल दो न."

मी तोंड उघडलं. डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने माझा ओठ वर उचलला. वकीलसाहेबांनी चहाचा कप दूर सारला. तेव्हा कळलं, मुलाखत माझीच चालली आहे.

"चान्स पक्का आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "वार्षिक कार्यक्रमाला स्टेजवर या. असंच तोंड उघडून उभ्या राहा. बाजूला मुलगी. संस्था कोणाला कुठून वर काढते, दिसू द्या लोकांना."

मी भाव करणारी बाई. रागातही भाव केला. "स्टेजवर येईन साहेब. हार घालीन, पाया पडीन. तोंड नाही उघडणार."

"तेच तर दाखवायचं आहे."

"मंग पोट्टीचे मार्क दाखवा न."

"आवाज खाली. मागायला आलात ना?"

"काहून खाली? मार्क चोरीचे नाहीत तिचे."

मी फाईल उचलली. मुलगी खुर्चीवरून उठेना. दंडाला धरून ओढत बाहेर आणली.

चार दिवसांत फी जमली नाही, सीट गेली. मुलगी माझ्याशी बोलत नाही. शेजारणीला सांगते, मम्मीच्या तापटपणाने माझं डॉक्टर होणं गेलं. खोटं नाही ते.

ती परत 'नीट' परीक्षा देते आहे. दुसऱ्या एका संस्थेचा अर्ज मी आणून ठेवलाय. मुलाखतीला मीच सोबत जाणार. तिथले मेंबर गुणांवर बोलले तर तासभर हात जोडून बसेन. माझ्यावर आले तर पहिल्या शब्दाला उठेन, तिलाही उठवेन. मग ती जन्मभर बोलली नाही तरी.