गारडाची पदयात्रा

देवराम वेखंडे जंगलखात्यात गार्ड होता. लोक त्याला गारड म्हणत, समोर असला की गारडसायब. एकतीस वर्षं नोकरी करून तो सत्तावन्न सालच्या डिसेंबरअखेर रिटायर झाला. शहापूरला कचेरीत त्याला एक नारळ, एक हार आणि एक धोतरजोडी मिळाली. रेंजरसाहेब बोलायचं म्हणून चार शब्द बोलले, त्यात एक वाक्य असं होतं की वेखंडे म्हणजे नुसते पाय. सगळे हसले. देवरामही हसला, पण हार हातात धरून घरी येईपर्यंत ते वाक्य त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

कारण ते खरं होतं. आधी डोळखांबकडे वीस वर्षं आणि मग सिद्धगडाच्या पायथ्याला अकरा, इतकी वर्षं तो चालला, आणि या सगळ्या चालण्यात त्याच्या बाजूने एक माणूस कधी चालला नाही. गार्ड वाटेवर दिसला की समोरचा माणूस वाट सोडून खाली उतरे. मोळीवाली बाई मोळी टाकून करवंदीच्या जाळीत घुसे. बाजाराच्या दिवशी गावातले लोक चार-चारच्या घोळक्याने निघत, पण हा मागून आला की घोळका गप्प व्हायचा आणि कुणाच्या तरी वहाणेचा अंगठा नेमका तेव्हाच तुटायचा. हा आपला मान आहे असं माणूस काही वर्षं धरून चालतो. देवराम जरा जास्तच वर्षं धरून चालला.

जानेवारीत भूदानाची एक पदयात्रा शहापुरात आली. वीस-बावीस माणसं. कोणी खानदेशातलं, कोणी नगरकडचं, एक जोडपं मुंबईचं, इथलं कोणीच नाही. किन्हवली, सरळगाव, मुरबाड, मग टोकावड्यावरून माळशेज घाट चढून जुन्नरला जायचं आणि वाटेत गावोगाव जमीनवाल्यांकडून भूमिहीनांसाठी जमीन मागायची, असा बेत होता. पुढारी एक सत्तरीचे गृहस्थ, सगळे त्यांना दादा म्हणत. जमिनीविषयी देवरामला काहीच म्हणायचं नव्हतं. त्याने एवढंच पाहिलं की ही माणसं दोघं-दोघं जोडीने चालतात आणि चालताना बोलतात.

"एकतीस वर्सं पाय तोडलेत, अजून हौस नाय फिटली तुमची?" बायको शकू म्हणाली.

"तवा पगारासाठी चाललो गो. आता नुसता चालायचाय. रिटायर झालो तो साजरा करतो म्हण."

"कोन हाय वळखीचा त्यांच्यात?"

"कोन नाय. म्हणून तर जातो."

शकूने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग तांदळाच्या भाकरी फडक्यात बांधून दिल्या आणि खाकी कोट त्याने मागण्याआधीच ट्रंकेत टाकून कडी लावली. तिला सगळं कळत होतं. गारडाची बायको म्हणून विहिरीवर तिच्याशीही कोणी फार बोलत नसे.

किन्हवलीच्या अलीकडे नामा नावाचा एक म्हातारा त्याच्या बाजूला आला आणि बाजूलाच राहिला. येवल्याचा विणकर, बोलका, वर्षापूर्वी बायको गेलेली. मागावरच्या गोष्टी, सुनेच्या हातचं जेवण, गुडघ्याचं दुखणं, सगळं त्याने पहिल्या दोन मैलांत सांगून टाकलं. मग देवरामची कोरी टोपी आणि पांढरं धोतर न्याहाळत त्याने विचारलं, "तुम्ही गुरुजी होतात का?"

देवराम खोकला. नुसता खोकला, हो म्हणाला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण नाहीही म्हणाला नाही. संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांचा गुरुजी झाला. सरळगावच्या शाळेत मुलांना त्याने बिबट्याची गोष्ट सांगितली आणि ती इतकी रंगली की दादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. वाटेत तो नामाला झाडं दाखवी, हा ऐन, हा हेद, हा कळंब, आणि नामा तोंडात बोट घालून ऐके. पाच दिवस देवराम सुखात होता. इतकं साधं सुख, बाजूला कोणाचा तरी पाय आपल्या पायाबरोबर पडतोय, एवढंच. पंचावन्न वर्षांच्या माणसाने त्यासाठी खोटं बोलावं याची त्याला लाज वाटे, आणि तरी सकाळी उठल्यावर तो नामा कुठे आहे ते आधी बघे.

मुरबाडला बेत बदलला. दादांना कोणीतरी सांगितलं की सिद्धगडाखाली कातकऱ्यांचे पाडे आहेत, गुंठाभर जमीन कोणाच्या नावावर नाही, तिथे कोणी जात नाही. मग माळशेज सोडून त्या पाड्यांवरून जायचं आणि तिथूनच घाट चढून भीमाशंकर गाठायचं ठरलं.

ते पाडे देवरामच्या हद्दीतले होते. अकरा वर्षं दर महिन्याला प्रत्येक पाड्यावरून त्याने एक कोंबडी घेतली होती. पाड्याच्या तोंडाशी उभा राहून तो काठीने दगडावर तीन ठोके द्यायचा. ठोके ऐकले की पुरुष कोयते आणि तोडलेली लाकडं घेऊन रानात जायचे आणि एखादी बाई कोंबडी घेऊन पुढे यायची. कोंबडी घेतली की त्या महिन्यात कोणाचा कोयता जप्त नाही, कोणावर केस नाही, सगळं शांतपणे. कोणाच्या अंगावर त्याने कधी हात टाकला नव्हता आणि या पद्धतीला तो मनातल्या मनात माणुसकी म्हणत असे. आता मुरबाडच्या धर्मशाळेत पडल्या-पडल्या त्याला तो शब्द आठवला आणि त्याने कूस बदलली.

तिथून घरी परतता आलं असतं. कोणी अडवलं नसतं. पण नामा म्हणाला, "गुरुजी, घाटात तुमच्या हाताचा आधार लागेल मला," आणि देवराम राहिला. टोपी खाली ओढायची, सगळ्यांच्या मागे राहायचं, तोंड उघडायचं नाही, असं त्याने ठरवलं.

ते दुपारपर्यंतच टिकलं. म्हसा गाव सोडल्यावर बरोबर घेतलेला वाटाड्या जंगलात चुकला. त्या साली तिथे झाडांची मोठी तोड झाली होती, लाकडाच्या गाड्यांनी दहा वाटा पाडल्या होत्या आणि जुनी पायवाट कुठे दिसेना. दोन तास सगळे फिरून त्याच नाल्याशी आले. पाणी संपलं. मुंबईच्या जोडीतली बाई खाली बसली ती उठेना. दादांचे ओठ पांढरे पडले. आणि देवराम मागे उभा, ज्याने त्या तोडीतल्या झाडाझाडावर स्वतःच्या हाताने शिक्का मारला होता, ज्याला डोळे बांधून सोडलं असतं तरी तो पाड्यावर पोचला असता.

"मला ठावं हाय वाट," तो शेवटी म्हणाला आणि पुढे झाला.

पुढे चालताना त्याला बरंही वाटत होतं, हे त्याचं दुर्दैव. मागे बावीस माणसं त्याच्या भरवशावर येत होती. पाड्याच्या तोंडाशी तो दगड आला. देवरामचा हात वर गेला आणि काठीचे तीन ठोके पडले. अकरा वर्षांची सवय, डोक्याला विचारायला थांबली नाही.

पाड्यात कुत्रं भुंकलं. झोपड्यांच्या मागे पानं वाजली, पुष्कळ पावलं एकदम पळाल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही. यात्रा पाड्यात शिरली तेव्हा चुली पेटलेल्या होत्या, एका चुलीवर नाचणीची पेज उकळत होती आणि माणूस एक नव्हता. पाड्याने पाहिलं होतं ते असं, की गारड या वेळी एकटा नाही, मागे वीस साहेब घेऊन आलाय.

मग एका झोपडीतून ठकू बाहेर आली. चाळिशीची बाई, देवराम तिला अकरा वर्षं ओळखत होता. हातात पाय बांधलेली एक तलंग, अजून अंडी न घालणारी कोवळी कोंबडी. तिने ती देवरामपुढे धरली आणि मान खाली घातली. देवरामने हात पुढे केला नाही, पण तिने तलंग त्याच्या काखेत अशी सरकवली की धरल्यावाचून इलाज नव्हता.

दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, "शेकडो एकरवाले आपल्याला दारात उभं करत नाहीत आणि या माउलीकडे एक कोंबडी आहे, तीसुद्धा पाहुण्यांना देते." नामाने ठकूला हात जोडले. मुंबईची बाई रडायला लागली.

देवराम गप्प राहिला असता तर ते दानच ठरलं असतं. ठकू काही बोलणार नव्हती. उद्या घाट चढून पलीकडे गेलं की त्याला ओळखणारं कोणी नव्हतं, आणि भीमाशंकरपर्यंत काय, पुढेही नामा बाजूने चालला असता. पण दादांनी ठकूच्या पायाला हात लावायला वाकायला सुरुवात केली आणि ते काही देवरामला बघवलं नाही.

"दादा, हे दान नाय," तो म्हणाला. "मी गुरुजी नाय. मी हितला गारड. अकरा वर्सं ही बाय मला कोंबडी देतेय, नायतर मी केस करीन म्हणून."

नामा त्याच्याकडे पाहत राहिला आणि मग पाहायचा थांबला.

"मग परत करा ती," दादा म्हणाले. आवाजात राग नव्हता. सगळ्यांना ते सोपंच वाटलं.

देवरामने तलंग पुढे केली. "घे गो ठकू. मी रिटायर झालो. आता माझा काय हक नाय."

ठकू दोन पावलं मागे सरली. तिचं तोंड उतरलं. आणि देवरामच्या तेव्हा ध्यानात आलं की आपण काय केलं. वरून केसेसचा तगादा आला की त्या महिन्यात तो कोंबडी परत करायचा. घेतली तर केस नाही, परत केली तर केस, हा त्याचाच नियम, आणि तो पाळतो याचा त्याला अभिमान होता. त्या नियमाने गेल्या साली ठकूच्या नवऱ्याचा, झिपरूचा, कोयता गेला होता आणि मुरबाडच्या कोर्टात खेपा घालता घालता त्याची भाताच्या कापणीची मजुरी बुडाली होती.

"सायब, काय चुकला आमचा?" ठकू म्हणाली. "ही लहान वाटली का? दुसरी देतां, थांबा जरा."

ती झोपडीत पळाली आणि अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी उचलून घेऊन आली. कोंबडी ओरडत होती, तिच्या पोटाची पिसं गरम होती आणि त्यांना गवत चिकटलेलं होतं.

"नको, तसा नाय," देवराम म्हणाला. त्याने पुन्हा सांगितलं, नोकरी संपली, केस नाही, ही माणसं साहेब नाहीत. ठकू प्रत्येक वाक्याला मान हलवत होती आणि दोन्ही हात पुढेच धरून होती. तिचं तरी काय चुकत होतं? ज्याच्या मागे वीस माणसं उभी आहेत तो म्हणतो माझा अधिकार गेला, हे कोणाला पटेल?

रानात पुरुष लपले होते. कोंबडी गारडाकडे जाईपर्यंत त्यातला एकही बाहेर येणार नव्हता, हे देवरामला माहीत होतं. त्याने तलंग पुन्हा काखेत धरली.

"बरं. ही चालंल," तो आपल्या जुन्या आवाजात म्हणाला. "ती ठेव अंड्यांवर. केस नाय."

ठकूने श्वास सोडला. रानाच्या दिशेने वळून तिने हाक दिली आणि एकेक माणूस झाडीतून बाहेर आला, शेवटी झिपरू, कमरेला नवा कोयता.

"हे काय केलंत तुम्ही?" दादांनी विचारलं.

"दुसरा काय करायला पायजे व्हता, तुमी सांगा," देवराम म्हणाला.

उन्हं उतरल्यावर सभा झाली. लोक हात गुडघ्यावर ठेवून बसले. दादांनी काहीही विचारलं की ते आधी देवरामकडे बघत आणि मग उत्तर देत. तुम्हाला जमीन हवी का, देवरामकडे बघून, हो. तुम्हाला इथे कोणाचा त्रास आहे का, असं दादांनी मुद्दाम विचारलं. झिपरूने देवरामकडे पाहिलं.

"बोल झिपरू," देवराम म्हणाला. "खरा हाय तो बोल."

"नाय," झिपरू म्हणाला. "गारडसायब लय चांगला मानूस."

सकाळी यात्रा घाटाकडे निघाली. नामा देवरामजवळ आला. रात्रभर तो त्याच्याशी बोलला नव्हता. "चला," तो म्हणाला. गुरुजी म्हणाला नाही, पण चला म्हणाला.

देवरामला जावंसं वाटलं. फार वाटलं. "मी नाय येत," तो म्हणाला. "घाटापातूर अजून तीन पाडे हायत. मी दिसलो की तेही रानात पळतील. तुमची सभा कोन ऐकंल?"

"मग वाट कोण दाखवणार?"

"झिपरूला न्या. घाटाची वाट माझ्यापरीस त्याला ठावं हाय. मी आलो का तो तिकडंच पळायचा."

झिपरू पुढे झाला. नामाने त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि चालता चालता त्याला काहीतरी सांगायला लागला, बहुधा मागाचं नाहीतर गुडघ्याचं. यात्रा झाडीत दिसेनाशी झाल्यावर देवराम तलंग काखेत घेऊन मुरबाडच्या वाटेला लागला. ठकू झोपडीच्या दारात उभी राहून त्याच्या काखेतल्या तलंगेकडे बघत होती. तो वळणाआड जाईपर्यंत ती तिथून हलली नाही, आणि ती कशाची खात्री करून घेते आहे हे देवरामला मागे न बघता कळत होतं.