डोंगराखाली थांबलेल्या बायका
ओल्या दोराचा वास आला की मुलुंडच्या डोंगराखालची ती संध्याकाळ आठवते. साध्या चपला घालून वर गेलेली कॉलेजची पोरं धबधब्यापलीकडे अडकली होती आणि फोन आल्यावर त्यांना आणायला माझा नवरा गिर्यारोहक मित्रांबरोबर दोर घेऊन गेला होता. पाऊस नुसता कोसळत होता. जमलेल्या गर्दीतला एकजण ओरडला, “राहू दे ना तिथेच! रील बनवायला कोणी सांगितलं होतं?” मलाही अगदी तसंच वाटत होतं. तेवढ्यात माझ्या शेजारी उभी असलेली बाई हळूच म्हणाली, “त्यात माझी मुलगी आहे हो.” मी तिचा हात धरला. “माझा नवराही वरच आहे,” मी म्हटलं. अंधारता अंधारता सगळे चिखलाने माखून खाली उतरले, तेव्हा तो ओरडणाराच आधी छत्री घेऊन धावला. मी नवऱ्याच्या खांद्यावरचा ओला दोर काढून घेतला आणि घरापर्यंत मीच वाहून नेला. आजही पावसात त्याचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून त्याच्या तोंडाकडे बघत राहते.